आवाज आला तर पळायचं की थांबायचं?



१६ जानेवारीला दरवर्षीसारखे आपण जासईला हुतात्म्यांना मानवंदना द्यायला जमलो होतो. कार्यक्रम संपला, माणसं चहाला पांगली, तेव्हा डोंगराकडच्या एका वाडीवरची म्हातारी बाय पुढं आली. तिच्या वाडीच्या खालच्या अंगानं गॅसची मोठी लाइन गेली आहे. थोड्या अंतरावर तारेचं कुंपण घातलेलं ठाणं आहे. पावसाळ्याच्या तोंडावर एका रात्री तिथून असा आवाज आला, की पोरं घाबरून रडायला लागली. दहा-पंधरा मिनिटं आवाज चालला आणि आपोआप थांबला. सकाळी वाडीतली माणसं विचारायला गेली, तर कुंपणातला माणूस म्हणाला, "काही नाही मावशी, सेफ्टी आहे ती."

म्हातारीचा प्रश्न असा होता: "आवाज आयला का आमी पलाचा का घरान बसाचा, त्या सांगा."

आमच्यापैकी कुणालाच उत्तर देता आलं नाही. तीस-चाळीस वर्षं जमिनीवर भाषणं करणारे आम्ही, पण जमिनीच्या खाली काय चाललंय याची आम्हाला गंधवार्ता नाही. मग आपल्यातल्याच दोघांना गाठलं. दोघेही उरणच्या पट्ट्यात फिटरची नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांनी दोन संध्याकाळी बसवून समजावलं. कागदावर आकृतीही काढून दिली, पण आपल्या स्टेन्सिलवर ती नीट उमटत नाही. मागच्या अंकातला नकाशा आठवत असेलच. म्हणून शब्दांतच सांगतो. अग्रलेख जरा लांबेल, पण वाडीवर मोठ्यानं वाचून दाखवा.

आधी आपल्याकडची गोष्ट घेऊ. खारजमिनीच्या बांधाला उघाडी असते. भरती आली की समुद्राचं पाणी बाहेरून झडपेला रेटतं आणि झडप मिटते. ओहोटी लागली की आतलं पाणी झडप उघडून खाडीला जातं. माणूस लागत नाही, पाण्याचा जोरच झडप हलवतो. आता समजा झडपेत ओंडका अडकला, झडप उघडीच राहिली आणि नेमकं उधाण आलं. खारं पाणी भातात शिरतं, आणि जोर फार झाला तर बांधालाच खांड जाते. एकदा खांड गेली की तीन-चार वर्षं पीक नाही, हे इथं कुणाला सांगायला नको.

गॅसच्या लाइनीवरही अशीच झडप असते. मोठ्या वाहिनीतला गॅस प्रचंड दाबानं धावतो, चौरस सेंटिमीटरला ऐंशी-नव्वद किलोपर्यंतसुद्धा. मोटरसायकलच्या चाकात पंक्चरवाला जी हवा मारतो, तिचा दाब दोन किलोच्या आसपास असतो; त्याच्या चाळीस पट धरा. पुढं कारखान्याला किंवा शहराच्या जाळ्याला एवढा दाब नको असतो, आणि पुढचा पाइप तेवढ्या दाबासाठी बनवलेलाही नसतो. शहरात घराच्या शेगडीपाशी पोचेपर्यंत तर दाब अवघा २१ मिलिबार उरतो, म्हणजे फुंकर मारण्याइतका. हा दाब टप्प्याटप्प्यानं उतरवतात तिथं कुंपणाची ठाणी असतात. ठाण्यात कंट्रोल वॉल्व्ह असतो. पुढच्या पाइपात दाब किती आहे ते एका बारीक नळीतून त्याला कळत राहतं. दाब कमी झाला की तो जास्त उघडतो, वाढला की मिटत जातो. फिटरदादा त्या बारीक नळीला वॉल्व्हचा कान म्हणाले. हा शब्द लक्षात ठेवा.

वॉल्व्ह बिघडतो. लोखंड आणि रबर आहे, बिघडणारच. आतला रबरी पडदा फाटतो, पाइपातली काळी धूळ बसकीवर अडकते, दाब एकदम उतरताना गॅस गार होतो आणि त्यातल्या ओलाव्याचा बर्फ बारीक नळीत साचतो, कुणाचा जेसीबी कानाची नळीच तोडतो, वीज जाते. प्रश्न असा, की बिघडल्यावर वॉल्व्ह कुठल्या बाजूला पडणार? सताड उघडा, की घट्ट बंद? फिटरदादांनी सांगितलं तेव्हा आम्हाला खरं वाटेना, पण हे नशिबावर सोडलेलं नसतं. आत एक स्प्रिंग असते. ती कुठल्या बाजूला बसवायची ते ठाणं बांधतानाच टेबलावर ठरतं. काही वॉल्व्ह मेल्यावर उघडे राहतात, काही मेल्यावर बंद होतात.

बंद पडणारा वॉल्व्ह असला तर पुढच्या कारखान्याचा गॅस तुटतो, कारखाना थांबतो, पैसे बुडतात. उघडा पडणारा असला तर कारखाना चालू राहतो, पण मागचा सगळा दाब पुढच्या पाइपात घुसतो. तो पाइप तुमच्या-आमच्या शेताखालून जातो. म्हणजे ज्या स्प्रिंगवर आपला जीव अवलंबून आहे, ती कुठल्या बाजूला बसवायची ते ठरवताना समोर गिऱ्हाईक बसलेलं असतं, वाडी नसते. कंपनी म्हणेल, पुरवठा तोडून कसं चालेल, वीजनिर्मिती आहे, खत कारखाना आहे. त्यावर फिटरदादांचं उत्तर सरळ होतं: दोन लाइनी समांतर टाकतात, एक चालती, एक राखीव. चालती बंद पडली की राखीव सुरू होते. खर्च येतो, एवढंच.

वॉल्व्ह उघडा पडलाच तर पाइप फुटू नये म्हणून पुढं राखणदार बसवलेले असतात. एक म्हणजे दुसरा वॉल्व्ह, पहिल्याच्या रांगेत. एरवी तो उघडा राहून नुसता पाहत असतो. दाब ठरावीक रेघेच्या वर गेला की कारभार हाती घेतो. याला मॉनिटर म्हणतात. दुसरा म्हणजे स्लॅम-शट. नावाप्रमाणे तो धाडकन मिटतो, आणि मिटला की माणूस येऊन हातानं उचलेपर्यंत उघडत नाही. तिसरा म्हणजे सेफ्टी वॉल्व्ह, धरणाच्या सांडव्यासारखा. दाब वाढला की तो उघडतो आणि जादा गॅस उंच नळकांड्यातून आभाळात सोडून देतो. म्हातारीनं ऐकलेला आवाज बहुधा याचाच असावा.

सांडव्याबद्दल आपल्याला कळतं ते असं, की तो पुराएवढा रुंद पाहिजे. पुरापेक्षा अरुंद सांडवा असून नसल्यासारखा. इथंही तेच. कंट्रोल वॉल्व्ह सताड उघडा पडल्यावर जेवढा गॅस येईल तेवढा सगळा बाहेर टाकण्याची ताकद सेफ्टी वॉल्व्हमध्ये असायला हवी. आणि त्याच्या खाली दुरुस्तीसाठी एक हाताचा कॉक असतो, तो उघडा ठेवून कुलूप घातलेलं असायला हवं. दुरुस्तीनंतर कुणी तो बंदच विसरला तर वरचा सांडवा नुसता शोभेचा.

इतकं समजल्यावर आम्हाला वाटलं, तीन-तीन राखणदार आहेत म्हणजे काळजी नाही. फिटरदादा हसले आणि त्यांनी अमेरिकेतल्या दोन गोष्टी सांगितल्या. आम्ही नंतर त्या पडताळून पाहिल्या. तिथल्या सरकारी चौकशीत सगळं नोंदलेलं आहे.

पहिली गोष्ट २०१८ ची, मॅसॅच्युसेट्स राज्यातली. लॉरेन्समध्ये जुने बिडाचे गॅसपाइप बदलण्याचं काम चालू होतं. १३ सप्टेंबरला कामगारांनी नवा पाइप जोडला आणि जुना बंद केला. पण वॉल्व्हच्या कानाची नळी जुन्याच पाइपाला जोडलेली राहिली होती. जुन्या पाइपात आता गॅस येईना, त्यामुळं तिथला दाब उतरत गेला. वॉल्व्हला वाटलं, लोकांना गॅस कमी पडतोय. तो उघडत गेला, पूर्ण उघडला. मॉनिटर होता की! पण मॉनिटरचा कानही त्याच मेलेल्या पाइपाला होता. त्यालाही दाब कमीच ऐकू येत होता, म्हणून तोही उघडाच राहिला. घराघरांतल्या नळ्यांत अर्ध्या पौंडाच्या जागी बारा पट दाब गेला. शेगड्यांतून, बंबांतून आगी लागल्या, स्फोट झाले. लॉरेन्स आणि शेजारच्या दोन गावांत मिळून १३० च्या वर इमारतींचं नुकसान झालं, वीसेक माणसं जखमी झाली, अठरा वर्षांचा एक मुलगा मेला.

राखणदार दोन होते, कान मात्र एकच.

हे ऐकताना आमच्या डोळ्यांपुढं गॅसचं ठाणं राहिलंच नाही, वनहक्काचे दावे आले. वनरक्षक लिहितो, "दावेदाराचा ताबा आढळला नाही." त्याच ओळीवर वरचा वनाधिकारी सही करतो. उपविभागीय समिती तोच अहवाल वाचून दावा फेटाळते. अपिलात जिल्हा समितीपुढं गेलो तर तिथं पुन्हा तोच कागद. चार राखणदार, कान एक, आणि तो कान दळीवर कधी गेलेलाच नसतो. म्हणून आपण इतकी वर्षं सांगतो आहोत की ग्रामसभेचा पंचनामा वेगळा धरा, म्हाताऱ्या माणसांच्या साक्षी वेगळ्या घ्या, जागेवर या. कायद्यात ती तरतूद आहेच. तर गॅसच्या ठाण्यालाही आपला पहिला प्रश्न हाच राहील: तुमच्या दुसऱ्या राखणदाराचा कान वेगळा आहे का?

दुसरी गोष्ट २०१० ची, कॅलिफोर्नियातल्या सॅन ब्रुनो गावची. तिथून साठ किलोमीटरच्या वर लांब, मिल्पिटासच्या ठाण्यात ९ सप्टेंबरला विजेच्या यंत्रणेचं काम चालू होतं. काम करताना वीजपुरवठा बिघडला, वॉल्व्हना चुकीचे निरोप गेले आणि ते सताड उघडले. या वेळी मॉनिटरनं आपलं काम केलं. दाब चौरस इंचाला ३८६ पौंडांच्या आसपास अडवला गेला. त्या पाइपाला ४०० पर्यंतची मुभा होती. म्हणजे हिशेबानं काही व्हायला नको होतं. तरी पाइप फुटला. आठ माणसं मेली, ३८ घरं राख झाली. गॅस पूर्ण तोडायला दीड तास लागला, तोवर आग जळत होती.

का फुटला? कंपनीच्या दप्तरात तो पाइप "बिनजोडाचा" लिहिलेला होता. १९५६ साली जमिनीत घातलेला. उकरून पाहिलं तर त्या जागी आखूड तुकडे जोडून केलेलं काम निघालं, आणि त्यांचा लांबीचा जोड आतून पूर्ण वितळवलेलाही नव्हता. दप्तर एक सांगत होतं, जमीन दुसरं. ४०० ही मुभा दप्तरातल्या पाइपाला होती, जमिनीतल्या नव्हे. ज्यांनी सातबारा आणि शेत यांच्यातलं अंतर पायांनी मोजलंय, त्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही.

आता कुणी म्हणेल, हे अमेरिकेतलं झालं. आपल्या देशात २७ जून २०१४ ला पहाटे आंध्रातल्या नगरम गावात गॅसची लाइन फुटली आणि वीसहून अधिक माणसं जळून मेली. तिथं दाब वाढला नव्हता. पाइप आतून गंजून झिजला होता. गावकरी आधीपासून वास येतो म्हणत होते, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. आपल्याच जिल्ह्यात नागोठण्याला नोव्हेंबर १९९० मध्ये वायूगळती होऊन कारखान्यात स्फोट झाला, तीसहून अधिक कामगार गेले. आणि ३ सप्टेंबर २०१९ ची सकाळ तर आपण स्वतः पाहिली. उरणच्या ओएनजीसी प्रकल्पातल्या आगीत चार जण गेले, त्यातले तीन आग विझवायला धावलेले सीआयएसएफचे जवान होते. या तिन्ही घटना वॉल्व्ह उघडा पडल्यामुळं झालेल्या नाहीत, उगाच एकाचं खापर दुसऱ्यावर फोडायचं नाही. पण गॅस सुटल्यावर आजूबाजूच्या माणसाला काय करायचं ते ठाऊक नसतं, हे तिन्हीकडं सारखं.

भोपाळची गोष्ट मात्र वेगळी सांगायला हवी, कारण तिथं सेफ्टी वॉल्व्ह चालला. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री टाकीतला दाब वाढत गेला आणि वॉल्व्ह ठरल्याप्रमाणे उघडला. टाकी फुटली नाही. टाकी वाचली. वॉल्व्हच्या पुढं वायू धुवून काढणारी यंत्रणा होती, ती त्या रात्रीला पुरी पडली नाही. वायू जाळणारा मनोरा होता, त्याचा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला होता. टाकी गार ठेवणारं यंत्र काही महिन्यांपासून बंद होतं. वायू नळकांड्यातून निघाला आणि भिंतीपलीकडच्या झोपडपट्टीवर उतरला. तो वायू विषारी होता, आपल्याकडच्या लाइनीतला गॅस तसा नाही, हा फरक मान्य. पण "सेफ्टी" हा शब्द कुंपणातला माणूस उच्चारतो तेव्हा कुणाची सेफ्टी, हे विचारायला भोपाळनं शिकवलं. सेफ्टी वॉल्व्ह पहिल्यांदा पाइपाला वाचवतो. माणूस वाचणार की नाही हे त्या नळकांड्याचं तोंड कुठं आहे, किती उंच आहे आणि वारा कुणीकडं आहे यावर ठरतं. कुंपणापासून पहिलं घर किती हातांवर आहे, यावर ठरतं.

आणि इथं आपण मूळ मुद्द्यावर येतो: घरं.

पाइप किती जाड असावा याचा एक नियम आहे, आणि तो माणसांची घरं मोजून ठरतो. लाइनीच्या दोन्ही बाजूंना दोनशे-दोनशे मीटर आणि लांबीला सोळाशे मीटर असा पट्टा धरायचा. त्यात माणसं राहतात अशा इमारती किती, ते मोजायचं. दहापर्यंत असल्या तर ती जागा पहिल्या वर्गाची, म्हणजे ओसाड. तिथं पोलादाच्या ताकदीच्या ७२ टक्क्यांपर्यंत दाब चालतो. दहाच्या वर गेल्या तर दुसरा वर्ग, मुभा ६० टक्के. ४६ किंवा त्याहून जास्त झाल्या तर तिसरा वर्ग, ५० टक्के. बहुमजली वस्तीत ४० टक्के. थोडक्यात, जिथं घरं जास्त तिथं पाइप जाड किंवा दाब कमी. नियम शहाणपणाचा आहे. आपलं भांडण नियमाशी नाही.

भांडण मोजणाऱ्याशी आहे. कातकरी वाडीतलं कुडाचं घर इमारतीत धरतात का? घरपट्टी नाही, उतारा नाही, खालची जमीन दुसऱ्या कुणाच्या नावावर, गावठाण म्हणून नोंद नाही. अशी तीस खोपटी मोजणाऱ्याच्या कागदावर तीस दिसतात की शून्य? मोजणी कधी होते? गाडी जाऊ शकते तेव्हा, म्हणजे दिवाळीनंतर ते मेअखेरपर्यंत. आणि आपली माणसं वाडीत कधी नसतात? नेमकी तेव्हाच. वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर, घाटावर. दाराला काटक्या लावून, पोराबाळांसह गेलेली. त्या दिवसांत कुणी मोजायला आला तर त्याला ओसाड माळ दिसेल आणि तो पहिला वर्ग लिहील. आषाढात त्याच माळावर दीडशे माणसं झोपलेली असतात.

तसंच घडलं आहे असं आम्ही म्हणत नाही, तो कागद अजून आमच्या हाती नाही. तो कागद दाखवा, एवढंच म्हणणं आहे.

जमीन घेतानाही हाच खेळ होतो. पाइपलाइनसाठी १९६२ चा केंद्राचा कायदा आहे. त्यात जमीन विकत घेत नाहीत, वापराचा हक्क घेतात. सातबारा तुमच्या नावावर राहतो, पण त्या पट्ट्यात घर बांधायचं नाही, विहीर-तळं खणायचं नाही, झाड लावायचं नाही. पिकाझाडांची नुकसानभरपाई, आणि जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के रक्कम. अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांत हरकत घ्यायची. जमिनीत हितसंबंध असलेल्या कुणालाही हरकत घेता येते, नुसत्या सातबाराधारकालाच नाही. हे ठळक करून सांगतो, कारण दळी आणि एकसाली प्लॉट कसणाऱ्यांना "तुमचं नाव कुठं आहे" म्हणून परत पाठवतात. पण अधिसूचना राजपत्रात निघते. आपल्या वाडीत राजपत्र कोण वाचतो? नोटीस येते ती खालच्या गावातल्या मालकाला. आपल्याला समजतं ते नाचणीच्या दाढीत खंदक खणायला मशिन उभं राहिल्यावर.

सिडकोनं १९७० पासून ९५ गावांची जमीन घ्यायला काढली तेव्हा दि. बा. पाटलांच्या पाठीशी आगरी-कोळी शेतकरी उभा राहिला. १९८४ च्या १६ आणि १७ जानेवारीला गोळीबारात पाच जण पडले, त्यातून साडेबारा टक्क्यांची लढाई पुढं गेली. त्या लढ्याला आपण दरवर्षी सलाम करतो. पण साडेबारा टक्के मिळाले ते ज्याच्या नावावर जमीन होती त्याला. त्याच जमिनीवर मजुरी करणारा कातकरी त्या हिशेबात नव्हता. हे उणंदुणं काढायला सांगत नाही. जासईच्या साथींनीच परवा हे आपणहून बोलून दाखवलं, आणि वाहिन्यांच्या प्रश्नात गाव आणि वाडी एकत्र अर्ज करू, असं ठरलं. लाइन फुटली तर आग जात विचारत नाही, असं त्यातला एक जण म्हणाला.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. वाडीखालून एवढा गॅस वाहतो आणि वाडीत चूल लाकडावर. मोळी आणायला गेलं की जंगल खात्याचा माणूस कोयता काढून घेतो.

म्हातारीच्या प्रश्नाचं उत्तर फिटरदादांकडून जेवढं मिळालं तेवढं देतो. उंच नळकांड्यातून वर जाणारा मोठा फुसकारा, जमिनीलगत वास नाही, थोड्या वेळात थांबतो: हा बहुधा सेफ्टी वॉल्व्ह. तरी विस्तव विझवायचा, विडी पेटवायची नाही, नळकांड्याकडं जायचं नाही, लांबूनच पाहायचं. आवाज जमिनीतून येतोय, माती उडतेय, शेतातल्या पाण्यात बुडबुडे येताहेत, एका पट्ट्यातलं गवत उगाच पिवळं पडलंय, वास येतोय: ही गळती. मग थांबायचं नाही. वाऱ्याच्या आडव्या अंगानं लांब जायचं. गाडी चालू करायची नाही, मोबाइल लांब जाऊन लावायचा. मोठ्या वाहिनीतल्या गॅसला कधीकधी वासच घातलेला नसतो, तेव्हा वास नाही म्हणून निर्धास्त राहायचं नाही. स्वयंपाकाचा एलपीजी असला तर तो हवेपेक्षा जड, खाली बसतो, ओढ्यात-खाजणात साचतो. तेव्हा उंचावर चढायचं, खाली पळायचं नाही. वाहिनीतला नैसर्गिक वायू हलका, वर जातो. आपल्या वाडीखाली यातला कुठला, हे सांगणं कंपनीचं काम आहे. ज्यांना धोका पोचू शकतो त्यांना धोका काय आणि काय करायचं ते आधी सांगावं लागतं, ही धोकादायक रसायनांच्या कारखान्यांवर १९८९ च्या नियमांनी घातलेली जबाबदारी आहे. तीच जबाबदारी वाहिनीवाल्यांनी पाळायला कुणाची आडकाठी आहे? कुंपणाच्या पाटीवर इंग्रजीत "डेंजर" लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे.

ठरलंय ते असं. होळीला माणसं भट्टीवरून वाडीत येतात. त्या आठवड्यात प्रत्येक वाडीनं कंपनीचे खांब शोधायचे आणि खांबापासून दोनशे मीटर, म्हणजे मोठ्या माणसाची पावणेतीनशे पावलं, दोन्ही बाजूंना चालायचं. त्यातलं प्रत्येक घर मोजायचं, बंद असलं तरी मोजायचं. घरात किती माणसं, कोण चालू शकत नाही, बाळंतीण कोण, तेही लिहायचं. यादीवर वनहक्क समितीची सही आणि ग्रामसभेचा ठराव घ्यायचा.

मग माहितीच्या अधिकारात अर्ज. वाहिनी सरकारी कंपनीची असली तर थेट कंपनीच्या माहिती अधिकाऱ्याकडं, नाहीतर तहसीलदार आणि कलेक्टर कचेरीकडं. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला अर्जाची दहा रुपये फी नाही, तेव्हा अर्ज त्याच्याच नावानं करा आणि दाखल्याची झेरॉक्स जोडा. विचारायचं ते एवढंच: आमच्या वाडीपाशी वाहिनी कुठल्या वर्गाची धरली आहे आणि त्यासाठी घरांची मोजणी कुठल्या महिन्यात केली? जवळच्या ठाण्यातला कंट्रोल वॉल्व्ह बिघडल्यावर उघडा राहतो की बंद? त्याच्या मागचा दुसरा राखणदार कुठला, आणि त्याची दाब मोजणारी नळी वेगळी आहे का? सेफ्टी वॉल्व्ह शेवटचा कधी तपासला? तो सुटला तर वाडीला कोण, कसं कळवणार?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "सायरन" असं आलं, तर सायरन वाडीत उभं राहून ऐकू येतो का, ते त्यांच्या माणसाला वाडीत बोलावून दाखवायला सांगायचं. रात्री, पावसात.

अर्जाचा नमुना मागच्या पानावर आहे. शाई फिकी आली असेल तर जासईच्या कचेरीतून दुसरी प्रत न्या. मोजणीच्या याद्या गुढीपाडव्याच्या आत पोचल्या पाहिजेत.